आमचा बाजीराव व्याली

मराठीने मांजराची सोय तिन्ही लिंगांत करून ठेवली आहे. तो बोका, ती मांजरी आणि काहीच कळत नसेल तर ते मांजर. एवढी उत्तम सोय असताना आमच्या घरात व्याकरणाचे जे धिंडवडे निघाले, त्याचं श्रेय चिरंजीवांचं. भर पावसात बिल्डिंगच्या मीटरच्या पेटीखाली सापडलेलं पिल्लू शर्टात घालून तो तीन मजले चढून आला आणि आम्ही टॉवेल शोधेपर्यंत नाव ठेवून मोकळा झाला. बाजीराव. त्या वर्षी त्याच्या डोक्यात पेशवे शिरले होते. नाव ठेवण्यापूर्वी शेपटी वर करून बघायची असते हे आम्हालाही माहीत होतं, आणि आम्ही बघितलंही. पण बघून आम्हाला काही कळलं नाही, ते कुणाला सांगायचं?

पुढच्या उन्हाळ्यात बाजीरावाचं पोट सुटलं. आई म्हणाली, खाऊन खाऊन झालंय. जिन्यात एक गलेलठ्ठ, कान फाटलेला बोका तासन् तास येऊन बसायचा, त्याला आम्ही बाजीरावाचा मित्र समजत होतो. पोट फारच दिसायला लागलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकदा मांजराकडे पाहिलं आणि एकदा आमच्याकडे. आमच्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"पांढरा, काळा आणि नारिंगी. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं," ते म्हणाले. "नारिंगी की काळा, हे एक्स गुणसूत्रावर ठरतं. दोन्ही रंग एकाच अंगावर हवे असतील तर एक्स दोन लागतात. तुम्ही लांबून बघितलं असतंत तरी चाललं असतं." मग पोटावरून हात फिरवून म्हणाले, "साधारण पासष्ट दिवसांचा मामला असतो. तुमचे बरेच संपलेत."

घरी आल्यावर नाव बदलावं असा विषय निघाला. आईने तो तिथेच मिटवला. "नाव बदलायला ती काय सासरी आली आहे?" म्हणून नाम पुल्लिंगी आणि क्रियापद स्त्रीलिंगी अशी तडजोड झाली. बाजीराव जेवली. बाजीराव झोपली. एकदा शेजारच्या काकांनी फोनवर माझ्या तोंडून "बाजीराव अजून बाळंत झाली नाही" हे वाक्य ऐकलं आणि पुढचे दोन दिवस ते लिफ्टमध्ये माझ्याशी फार हळुवार बोलत होते.

आईने बाळंतिणीची तयारी मनापासून केली. मिक्सरचा रिकामा खोका, त्यात तिच्या जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर सावलीला उशीचा अभ्रा. बाजीरावाने खोका आत-बाहेरून हुंगला, एका कोपऱ्यावर नखं परजली आणि निघून गेली. त्याच रात्री, कपाटाचं दार बोटभर उघडं राहिलेलं असताना, ती खालच्या खणात शिरून व्याली. त्या खणात एकोणीस साड्या होत्या. त्यात सुती होत्या, सिंथेटिक होत्या, केव्हाच भांडी घेऊन द्यायला हव्या होत्या अशाही होत्या. बाजीरावाने बायकोची लग्नातली, तिच्या मामाने खास येवल्याहून आणलेली पैठणी निवडली. पदरावरच्या मोरांवर तीन ओली पिल्लं वळवळत होती. बायको पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "निवड तरी चांगली आहे मेलीची."

आणि तिसऱ्या दिवशी आईने ते वाक्य उच्चारलं. "आता बघ. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते."

हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. पण तेव्हा आम्ही गावी राहायचो, तिथे माजघर होतं, पडवी होती, माळा होता, गोठा होता. इथे डोंबिवलीत वन बीएचके आहे. कागदोपत्री साडेपाचशे चौरस फूट, म्हणजे कार्पेट चारशेच्या आसपास. त्यात माणसं चार. या एका घरासाठी मी वीस वर्षांचं कर्ज काढलंय आणि अजून सात वर्षांचे हप्ते शिल्लक आहेत. आणि या बाईला सात हवीत?

दुसरं घर पोटमाळ्यावरचं. गणपतीच्या मखराचा जुना थर्माकोल तिथे होता. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तो वापरताही येत नव्हता आणि टाकवतही नव्हता. पिल्लाची मानगूट दातात धरून बाजीराव फ्रीजवर, फ्रीजवरून पोटमाळ्यावर अशा तीन खेपा करून गेली. पकडलं की पिल्लू पाय पोटाशी घेऊन असं निपचित लोंबतं, की जणू रुमाल वाळत घातलाय. रात्रभर वरून थर्माकोलवर नखं ओढल्याचा आवाज येत होता. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी घरभर बर्फ पडलं होतं.

तिसरं घर दिवाणाच्या पोटात, पाहुण्यांच्या गाद्यांमध्ये. त्या मुक्कामात सहावा दिवस आला. आईचं म्हणणं, षष्ठी म्हणजेच आपली सटवाई, आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजर. म्हणजे हे सटवाईच्या घरचंच कार्य. तिने दिवाणाच्या फटीशी कोरा कागद आणि पेन ठेवलं, रात्री येऊन पिल्लांचं नशीब लिहायला. सकाळी पेन फ्रीजखाली होतं आणि बाजीराव कागदावर बसली होती. टपालात आलेलं लग्नपत्र असो, वीजबिल असो, चिरंजीवांचं प्रगतिपुस्तक असो, खाली ठेवलेल्या कागदावर बसायचं हा तिचा नियम आहे. सटवाईलाही सूट नाही. आईने कागद ओढून उलटसुलट पाहिला. "काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली. मला चार पंजे दिसले.

मधल्या काळात बाळंतिणीच्या आहाराचा प्रश्न होता. आईने वाटीभर दूध ठेवलं. बाजीरावाने वाटीभोवतीची जमीन पंजाने उकरून ती झाकल्याचं नाटक केलं, म्हणजे जे ती आपल्या मातीच्या डब्यात करते तेच. डॉक्टर म्हणाले, बरंच झालं, मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतच नाही, पोट बिघडतं. आमच्या सगळ्या म्हणी डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरावर बेतलेल्या, त्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मग आईने अळिवाची खीर केली. तीही तशीच राहिली. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही म्हणे, ते ओळखायची यंत्रणाच तिच्यात बिघडलेली असते. हे ऐकल्यावर आई प्रथमच तिच्याकडे कणवेने पाहून म्हणाली, "म्हणजे हिला पुरणपोळी नाही, श्रीखंड नाही, काहीच नाही?" आणि दुसऱ्या दिवशी, आमच्या पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा, ती स्वतः बाजारात मावशींच्या टोपलीसमोर उभी राहिली. नाकाला पदर, हात लांब, आणि तोंडाने मात्र, "अहो मावशी, हा बांगडा कालचा वाटतोय." कालचा वाटतोय हे हिला कशावरून कळलं, ते मी अजून विचारलेलं नाही. मासा गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात शिजतो. त्या पातेल्याला ती "ते" म्हणते.

चौथं घर माझी ऑफिसची बॅग. सोमवारी सकाळी शेअर रिक्षात चौघांच्या जागी पाच जण बसलो होतो आणि माझ्या मांडीवरून "च्यूं" असा आवाज आला. शेजारचा माणूस म्हणाला, "फोन वाजतोय तुमचा." मी चेन उघडली. डब्यावर डोकं टेकून नारिंगी पिल्लू झोपलेलं. नेहमीची फास्ट लोकल सोडून मी उलटा घरी आलो. दारात बाजीराव एका पिल्लाला तोंडात धरून उभी होती, बिऱ्हाडाचा टेम्पो अर्धं सामान टाकून निघून गेल्यावर माणूस जसा उभा असतो तशी. उशीर का झाला ते ऑफिसात खरं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घरातून निघताना बॅग उलटी करतो.

पाचवं शेजारच्या काकांच्या चपलांच्या कपाटात. सहावं देवघराच्या खाली, समईची वात आणि कापूर ठेवतात त्या खणात. त्यावर आई चिडेल असं वाटलं होतं. ती दोन दिवस उदबत्ती बाहेरच्या खोलीत लावत राहिली, पिल्लांना धूर नको म्हणून. पिल्लं पाजणारी मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा दूध तुटलं की ताबडतोब ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे आईच्या कानावर घातलं तेव्हा तिने जिन्यातल्या बोक्यावर पाण्याचा तांब्या रिकामा केला.

मग परवा रात्री अडीच-तीनच्या सुमारास बाजीरावाने तिन्ही पिल्लं एकेक करून आईच्या गोधडीत आणून ठेवली. मांजर अंथरुणात चालायचं नाही, हा या घरातला आईचा सर्वांत जुना कायदा. सकाळी ती कुशीवर वळलेली, हात अवघडलेला, डोळे उघडे. पिल्लं तिच्या पोटाशी.

"रात्रभर हललेसुद्धा नाही," चहाच्या वेळी पाठ दाबत ती म्हणाली. "कंबर गेली माझी."

"असू दे," मी म्हटलं. "झाली ना सात एकदाची? सुटलो."

तिने बोटं मोजली. "सहा."

"कपाट, पोटमाळा, दिवाण, बॅग, काकांकडचं, देवघर, गोधडी. सात."

"काकांकडचं धरायचं नाही," आई म्हणाली. "ते आपल्या कार्पेटमध्ये येत नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बाजीराव गेली. तोंडात नारिंगी पिल्लू होतं आणि ती वॉशिंग मशीनकडे बघत होती.