‘पेंचला नेऊन सोडा’ म्हणण्याआधी जुन्नरला काय झालं ते वाचा

रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. “काहून गं, तुम्ही लोकं आमच्या घराच्या मागे लागून राहिले? मेसेज पाठवला आहे, वाच.”

तिच्या मुलाने नागपुरात काटोल रोडकडे एका नव्या लेआउटमध्ये प्लॉट बघून ठेवला आहे. लेआउटला लागून नाला आहे आणि झुडपाचा लांबट पट्टा. तो पट्टा सपाट करून गार्डन आणि अप्रोच रोड काढायचा बेत आहे. शेजारच्या गावातल्या काहींनी आणि तिकडे पक्षी बघायला जाणाऱ्या पोरांनी त्यावर आक्षेपाचा अर्ज दिला. तेव्हापासून एक मेसेज फिरतो आहे: ते झुडप आहे, जंगल नाही. लेआउट एनए (बिगरशेती) आहे, वन्यजीव कायदा लागू होत नाही. तिथे साप-विंचवाशिवाय काही राहत नाही. बिबट्या आलाच तर वनविभाग पिंजरा लावून पेंचच्या जंगलात सोडेल. तोडलेल्याच्या दुप्पट झाडं लावू. विरोध करणाऱ्यांना स्वतःची घरं आहेत, दुसऱ्याची नकोत.

चार ग्रुपांवर तो मी वाचला आणि सोडून दिला. आता मावशी त्याच्या भरवशावर प्लॉटच्या टोकनचे पैसे द्यायला निघाली आहे, म्हणून लिहिते आहे.

बिबट्याचा मुद्दा आधी घेते, कारण त्या एका वाक्यामुळे माणसं मरू शकतात. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा हा प्रयोग महाराष्ट्रात करून झालेला आहे, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला. 2001 पासून तिथे उसाच्या पट्ट्यातले बिबटे मोठ्या संख्येने पकडले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तो 2011 मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. ही मोहीम सुरू होण्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मोहिमेनंतर ते 17 वर गेले. हल्ले जास्त जीवघेणेही झाले. बिबटे हलवले ते हल्ले थांबावेत म्हणून, आणि झालं नेमकं उलट.

कारण समजायला अवघड नाही. बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. नाला कुठे, आडोसा कुठे, डुकरं कुठल्या उकिरड्यावर येतात, माणसं किती वाजता घरात जातात, हे सगळं त्याला पाठ असतं आणि त्यामुळेच तो आपल्याला चुकवून जगतो. त्याला पिंजऱ्यात घालून अनोळखी जंगलात सोडलं की तिथे दुसऱ्या बिबट्याचं राज्य. हा हुसकला जातो, घराकडे परतायला बघतो आणि कधी न पाहिलेल्या गावांमधून चालत सुटतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा कोणीतरी धरतो, बहुतेक वेळा तरणा. म्हणजे पेंचजवळच्या गावांना आपण संकट पाठवायचं आणि आपल्या दारात नवखा बिबट्या आणून ठेवायचा. पेंचच्या कडेला राहणाऱ्यांचा जीव आपल्यापेक्षा स्वस्त आहे काय? हे वाक्य लिहिणाऱ्याने त्यांचा विचारच केलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

शिवाय बिबट्याला पकडायचं की नाही हे सोसायटी ठरवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. कलम 11 प्रमाणे तो माणसाच्या जिवाला धोका ठरला आहे किंवा न सुधारण्याइतका जखमी-आजारी आहे, असं मुख्य वन्यजीव रक्षकांना पटलं तरच लेखी परवानगी मिळते. नुसता दिसला, हे कारण चालत नाही. नागपूरच्याच गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत, प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांबाहेरचे, आणि ते आधीपासून आहेत. 2021 च्या मे अखेरीस गायत्रीनगर-आयटी पार्क भागात बिबट्या आला तेव्हा अर्धं शहर मोबाइल घेऊन मागे लागलं होतं. त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. नव्या लेआउटला बिबट्यापासून वाचायचं असेल तर उघड्यावर कचरा टाकणं बंद करावं लागेल. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं जमतात, आणि बिबट्या त्यांच्यामागे येतो.

“तिथे काही राहत नाही” हे वाक्य मला झोंबलं. मागच्या मे महिन्यात त्याच पट्ट्यात मी टिटवीचं घरटं बघितलं. घरटं कसलं, गिट्टीतला नुसता खळगा. चार अंडी, मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. दोन पावलांवर उभी राहूनही मला आधी दिसली नव्हती, टिटवीने डोक्यावर येऊन आरडाओरडा केला म्हणून पाय थांबला. दुपारी ऊन असं की चपलेतून चटका लागावा. ती उठली, नाल्याच्या डबक्यात जाऊन पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने परत गेली, परत भिजून आली. गिट्टी आणि पाणी एकमेकांजवळ असलं तरच तिला हे जमतं. नाला बांधून काढला आणि गिट्टीवर लॉन अंथरला की संपलं. लॉनच्या चार कोपऱ्यांत गुलमोहर लावले म्हणून टिटवी तिथे यायची नाही. दुप्पट झाडांच्या आश्वासनाला माझं एवढंच उत्तर आहे.

साप आहेत, हे मात्र खरं. घोणस आहे, नाग आहे, आणि लहान लेकरं असलेल्या घराला त्याची भीती वाटली तर त्यात चूक नाही. पण जेसीबीने झुडप खरवडलं की साप मरून संपत नाहीत, उठून घरांकडे सरकतात. आणि त्यांच्यासोबत उंदीर खाणारी धामण मारली की उंदीर वाढतात, ते नागालाच बोलावतात.

आता एनए. कायदा जनावरामागे जातो, सातबाऱ्यामागे नाही. सगळ्या मंजुऱ्या (एनए-टीपी, आरएल) असलेल्या तुमच्या प्लॉटवर मोर उतरला तरी तो अनुसूची 1 मधलाच मोर असतो.

आणि “झुडपी म्हणजे जंगल नाही” हे अजून कोणी लिहीत असेल तर त्याने 22 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचलेला नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ असलेल्या जमिनी वनजमीनच मानायच्या, असं न्यायालयाने सांगितलं आहे. लेआउटची स्वतःची जमीन एनए असेल, पण गार्डन नि रस्ता ज्या पट्ट्यावर काढायचा आहे तो नोंदीत झुडपी असेल तर केंद्राच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नाही. एक गोष्ट मान्य करावीच लागते. झुडपीच्या या नोंदीपायी विदर्भातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्रास काढला. कित्येक वस्त्या, शाळा, सरकारी इमारतीसुद्धा त्या जमिनींवर उभ्या आहेत. पण न्यायालयाने तेही बघितलं आहे. 12 डिसेंबर 1996 पर्यंत वाटप झालेल्या जमिनींसाठी मंजुरीची वाट मोकळी ठेवली आहे. आज नवा रस्ता काढणाऱ्याला त्या सवलतीत बसता येणार नाही.

घर असल्याचा टोमणा राहिला. हो, मला घर आहे, लेआउटमध्येच आहे, आणि माझ्या मावसभावालाही व्हावं असं मला मनापासून वाटतं. अर्ज देणाऱ्यांनी घरं नकोत असं कुठेच म्हटलेलं नाही. झुडपी पट्टा सोडा, नाला उघडा ठेवा, त्या बाजूला रात्री झगझगीत दिवे लावू नका, एवढंच त्यांचं मागणं आहे. रस्ता दुसऱ्या बाजूने निघतो, तिकडे डांबरी आहेच.

मावशीला मी दोन कागद मागायला सांगितले आहेत: त्या पट्ट्याचा सातबारा आणि मंजूर नकाशा, ज्यात अप्रोच रोड कुठल्या गट नंबरातून जातो ते दिसेल. एजंटने “दोन दिवसांत देतो” म्हटलं त्याला आज पाच दिवस झाले. टोकन तिने अजून दिलेलं नाही.