खुलासा : नव्या स्विफ्टच्या एलएक्सआयला किती एअरबॅग?

‘स्विफ्टच्या एलएक्सआयला दोनच एअरबॅग असतात, सहा हव्या असतील तर झेडएक्सआयच घ्या’ असा मेसेज सध्या फिरतोय. (एलएक्सआय हे मारुती स्विफ्टचं सगळ्यात खालचं व्हेरिएंट; त्यावर व्हीएक्सआय, मग झेडएक्सआय आणि सगळ्यात वर झेडएक्सआय प्लस.) नव्या गाडीबद्दल तो चुकीचा आहे. मे २०२४मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टला एलएक्सआयपासून झेडएक्सआय प्लसपर्यंत सरसकट सहा एअरबॅग आहेत. ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्डही (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय). दोन एअरबॅगची गोष्ट आधीच्या पिढीची. त्यामुळे सेकंडहँड घेताना मात्र ती लक्षात ठेवाच. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेलं कापडी लेबल आहे का बघा. साइड एअरबॅग तिथेच असते.

मग वरच्या व्हेरिएंटचे जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः सोयींचे. एलएक्सआयला टचस्क्रीन नाही, ऑटोमॅटिकही नाही, ते व्हीएक्सआयपासून. अलॉय व्हील आणि एलईडी हेडलॅम्प झेडएक्सआयला, नऊ इंची स्क्रीन प्लसला. इंजिन सगळ्यांना तेच : १.२ लिटर, तीन सिलिंडर. ‘टॉपला चार सिलिंडर’ ही तर निव्वळ थाप! टचस्क्रीन नंतर बाहेरूनही बसवता येते, एअरबॅग नाही; आणि त्या एलएक्सआयला आहेतच. म्हणून बजेट ताणून झेडएक्सआयकडे जाणाऱ्यांनी आधी एलएक्सआय शोरूममध्ये बघून घ्यावी. सेल्समन ती स्वतःहून दाखवेलच असं नाही.