फेल्टचे रीइश्यू घेताय? आधी मिक्स कुठलं ते बघा

फेल्ट या ब्रिटिश बँडच्या रीइश्यूंवरचा, म्हणजे जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांवरचा, वाद मधूनमधून पेटतोच, आणि प्रत्येक वेळी एकच गल्लत होते. रीमास्टर आणि रीमिक्स यांना लोक एकाच मापाने मोजतात. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या स्टीरिओ टेपवर काम होतं: टोन, लेव्हल, खरखर. रीमिक्समध्ये मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं असलेली मूळ टेप) उघडून गिटार, आवाज, ड्रम्स नव्याने मांडले जातात. पहिल्यात रेकॉर्ड तीच राहते. दुसऱ्यात ती बदलते, कधी चांगल्यासाठी, पण बदलते. माझं म्हणणं एवढंच आहे की बदललेली रेकॉर्ड जुन्या रेकॉर्डच्या जागी ठेवू नये, शेजारी ठेवावी.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. फेल्ट हा बर्मिंगहॅमजवळच्या वॉटर ऑर्टनचा बँड. लॉरेन्स हा गायक, गीतकार आणि सगळ्याचा कर्ताधर्ता. दहा वर्षांत दहा अल्बम, दहा सिंगल्स, आणि मग ठरवून पूर्णविराम. सुरुवात चेरी रेड लेबलवर, १९८६पासून क्रिएशनवर, आणि १९८९चा शेवटचा 'मी अँड अ मंकी ऑन द मून' एल लेबलवर. २०१८मध्ये चेरी रेडने दहाही अल्बम दोन टप्प्यांत पुन्हा काढले, लॉरेन्सच्या देखरेखीखाली. विनाइल वेगळं, आणि सीडीच्या बॉक्समध्ये सात इंची सिंगल, बॅज, पोस्टर. वस्तू म्हणून हे बॉक्स फार प्रेमाने केलेत, त्याबद्दल दुमत नाही.

खरा प्रश्न 'इग्नाइट द सेव्हन कॅनन्स'चा. १९८५चा हा अल्बम कॉक्टो ट्विन्स या बँडच्या रॉबिन गथ्रीने प्रोड्यूस केला. त्याच्या सवयीप्रमाणे सगळ्यावर दाट रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज दुहेरी भासवणारा इफेक्ट), ड्रम्स लांबून आल्यासारखे, आणि मॉरिस डीबँकची गिटार, जी आधीच्या अल्बमांत तारेगणिक सुटी ऐकू येते, ती इथे धुक्यात. लॉरेन्सला हा साउंड कधीच पटला नाही. २०१८मध्ये त्याने जॉन रिव्हर्स या जुन्या सहकाऱ्याबरोबर बसून बऱ्याच गाण्यांचं मिक्स नव्याने केलं. नवं मिक्स कोरडं आहे, गिटार पुढे आली आहे, आवाज जवळ आलाय. डीबँक या अल्बमनंतर बँडमधून गेला, मार्टिन डफीची कीबोर्ड्स इथेच पहिल्यांदा येतात, त्यामुळे दोघांची वाद्यं एकमेकांत कशी बसली होती हे नव्या मिक्समध्ये जास्त कळतं. ऐकण्यासारखं आहे, मी मनापासून सांगतो.

पण १९८५मध्ये लोकांनी जी रेकॉर्ड ऐकली, जिच्यावरून पुढच्या कित्येक गिटार बँडांनी धडे घेतले, ती गथ्रीच्या धुक्यातलीच होती. 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' इंडी चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं ते कॉक्टो ट्विन्सची गायिका एलिझाबेथ फ्रेझर हिच्या आवाजासह, त्या साउंडसह. कलाकाराला आपलं काम दुरुस्त करायचा हक्क आहे, पूर्ण आहे. लेबलचं काम वेगळं: मूळ मिक्स बाजारात जिवंत ठेवणं. अल्बम एकेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. सीडीवर ७४ मिनिटं आरामात बसतात. दोन्ही मिक्स पूर्ण एकाच डिस्कवर मावणार नाहीत, मान्य, पण बॉक्समध्ये दुसरी डिस्क ठेवायला काय हरकत होती? बॅज कमी चालले असते.

नावाचंही तसंच. 'लेट द स्नेक्स क्रिंकल देअर हेड्स टू डेथ' हा १९८६चा वाद्यसंगीताचा अल्बम आता 'द सेव्हन्टीन्थ सेंचुरी' नावाने मिळतो. संगीत तेच, नाव नवं. आता जुनी परीक्षणं, जुन्या याद्या एका नावाने आणि दुकानातला अल्बम दुसऱ्या नावाने. नवा ऐकणारा दोन्ही शोधतो आणि फेल्टचे अकरा अल्बम आहेत असं समजतो. पाठीमागे बारीक अक्षरात जुनं नाव छापलं असतं तर एका ओळीत काम भागलं असतं.

आता हातात जे आहे ते नेमकं काय, हे कसं ओळखायचं. 'इग्नाइट'ची गथ्री मिक्स हवी असेल तर १९८५ची एलपी किंवा २००३च्या चेरी रेड रीइश्यूची सीडी बघा. विक्रेत्याला 'ओरिजिनल आहे का' असं विचारू नका, कॉपीराइटचं साल आणि रन-आउटमधल्या खुणांचा फोटो मागा. रन-आउट म्हणजे शेवटच्या गाण्यानंतरची रिकामी पट्टी, तिथे कोरलेला नंबर कव्हर बदलला तरी बदलत नाही.

दोन सीडींची तुलना कानाने करताना सगळे एकाच ठिकाणी फसतात: जी मोठ्याने वाजते ती चांगली वाटते. एका डेसिबलचा फरकसुद्धा 'जास्त खुलं', 'जास्त जिवंत' असा भासतो. म्हणून दोन्ही सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने रिप करा (संगणकावर उतरवा), ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये उघडा, लाउडनेस नॉर्मलायझेशनने दोन्ही उणे २३ एलयूएफएसवर (मोठेपणा मोजायचं एकक) आणा, आणि मगच ऐका. वेव्हफॉर्मची टोकं सपाट कापल्यासारखी दिसली तर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं यंत्र) जोरात मारलाय, ते नॉर्मलाइझ करून परत येत नाही. एका ट्रॅकचा फेज उलटा करून दुसऱ्यात मिसळायची युक्ती काही जण सुचवतात: जे सारखं ते एकमेकांना खोडतं, फरक तेवढा उरतो. ती एकाच डिजिटल ट्रान्सफरच्या दोन आवृत्त्यांना चालते. टेप दोनदा वेगवेगळ्या मशीनवर वाजवली असेल तर वेगात किंचित फरक असतोच, आणि काही सेकंदांत दोन्ही सरकतात. मग उरलेला आवाज मोठा आला म्हणून 'रीमिक्स आहे' असा निष्कर्ष काढू नका. रीमिक्स ओळखायचं असेल तर रिव्हर्बची शेपूट किती लांब आहे आणि गिटार डावी-उजवीकडे नेमकी कुठे बसली आहे, एवढं बघा. रीमास्टरमध्ये या दोन गोष्टी सहसा हलत नाहीत.

आणि विनाइलचे डीआर (डायनॅमिक रेंज, हळू-मोठ्या आवाजातलं अंतर) आकडे दाखवून भांडू नका. एकच मास्टर लॅकरवर (रेकॉर्डचा साचा बनवायची पहिली तबकडी) कापून पुन्हा रेकॉर्ड केला तरी फेज सरकल्यामुळे पीक्स वाढतात आणि आकडा फुगतो. त्यातून मास्टरिंगबद्दल काही सिद्ध होत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या टेपांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. त्या काळातल्या काही टेपांचा, अँपेक्स ४५६ हा नेहमीचा उल्लेख, बाइंडर (चुंबकीय थर टेपला धरून ठेवणारा गोंद) ओलावा शोषून चिकट होतो आणि हेडवर उतरतो. अशी टेप ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर अनेक तास बेक करूनच वाजवतात. ते नीट केलं तरी डॉल्बी या टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचं अलाइनमेंट चुकलं तर वरच्या पट्टीतला आवाज मिटतो किंवा किंचाळतो, आणि ऐकणारा दोष मास्टरिंग इंजिनिअरला देतो. तिसरी चूक म्हणजे एलपी कापण्यासाठी बनवलेली टेप उचलून तिच्यावरून सीडी करणं. त्या टेपवर बास आधीच आवळलेला असतो. 'रीइश्यू पातळ वाटतो' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

विनाइल घेणाऱ्यांनी फेल्टच्या बाबतीत एक दोष खास तपासावा: मधलं भोक केंद्रात नसणं. डीबँकच्या लांब, स्वच्छ सुरांवर तो लपत नाही. रेकॉर्ड रन-आउटपर्यंत नेऊन टोनआर्म डावी-उजवीकडे डुलतोय का ते बघा. अर्ध्या मिलिमीटरची चूक बाहेरच्या कडेला फारशी कळत नाही, पण केंद्रापासून सहा सेंटीमीटरवर सूर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ टक्के हलतो, म्हणजे सेमीटोनचा सातवा हिस्सा, दर १.८ सेकंदांनी. टर्नटेबलचा दोष समजून बेल्ट बदलू नका, कॉपी परत करा. एका चॅनेलमध्ये फाटल्यासारखा चर्रर्र आवाज येत असेल आणि तिरप्या उजेडात खाचेवर चकचकीत डाग दिसत असेल तर तो नॉन-फिल, म्हणजे छापताना खाच पूर्ण न भरणं. धुऊन जात नाही. साधी चटचट मात्र बरेचदा कागदी स्लीव्हची धूळ असते, ती ओल्या धुलाईने जाते, आणि मग रेकॉर्ड अँटिस्टॅटिक स्लीव्हमध्ये ठेवा.

'प्रिमिटिव्ह पेंटर्स' मूळ एलपीवर पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर जाते, शेवटी जेमतेम २१. तेवढ्याच जागेत फ्रेझरचा वरचा आवाज कोरलेला, त्यामुळे साध्या शंकूच्या सुईने 'स' आणि 'श' फुटतात. बारीक टोकाची मायक्रोलाइन सुई लावा, किंवा कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) स्टीव्हन्सन अलाइनमेंटवर बसवा. त्यात आतला नल पॉइंट (जिथे सुई खाचेला अगदी सरळ बसते ती जागा) केंद्रापासून ६०.३ मिलिमीटरवर येतो, बेअरवाल्ड या दुसऱ्या अलाइनमेंटमध्ये ६६वर. मधल्या गाण्यांत थोडं विकृतीकरण वाढतं, पण या बाजूसाठी तो सौदा मला पटतो.

'द सेव्हन्टीन्थ सेंचुरी' जेमतेम १९ मिनिटांचा आहे, 'पोएम ऑफ द रिव्हर' सहा गाण्यांचा. बाजू इतक्या छोट्या की कापणाऱ्याला लेव्हल आवळायचं कारणच नाही, म्हणून हे दोन विनाइलवरच घ्या. 'फॉरएव्हर ब्रीद्स द लोनली वर्ड' कुठल्याही रूपात घ्या, डफीचा ऑर्गन सगळीकडे पोचतो. 'ट्रेन अबव्ह द सिटी'त लॉरेन्स वाजवतही नाही, गातही नाही, फक्त गाण्यांची नावं त्याची. ती सगळ्यांत शेवटी. आणि 'इग्नाइट' दोन्ही घ्या: २००३ची सीडी मिळेल तेव्हा आधी ती, कारण २०१८ची अजून सापडते.