गोचीड चावल्यानंतर मॅग्नेशियम कसे निवडावे

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या आणि जून महिन्यात परसातले गवत स्वतः कापण्याची हौस असणाऱ्या माणसाला लाइम रोग होणे, ही काही फार मोठी कर्तबगारी नव्हे. खसखशीच्या दाण्याएवढी, काळ्या पायांची गोचीड गुडघ्यामागच्या घडीत दीड-दोन दिवस निवांत मुक्काम करते, आठवड्याभराने तिथे उमटलेला लाल चट्टा वर्तुळासारखा पसरत जातो, डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, असे लिहून देतात आणि प्रकरण तिथेच मिटण्याचा धोका निर्माण होतो. हा धोका टाळायचा असेल, तर आपण विनाविलंब मॅग्नेशियमच्या शोधात निघावे. न्यू जर्सीत राहून ही वाट आम्ही स्वतः तुडवलेली असल्यामुळे दोन शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांला पोहोचतो.

कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात मुलांचे गुडघे एकापाठोपाठ सुजत असल्याचे १९७५ च्या सुमारास लक्षात आले, आणि गोचिडीच्या आतड्यात सापडलेला मळसूत्री जिवाणू त्यामागे असल्याचे संशोधक विली बर्गडॉर्फर यांनी १९८२ साली जगाला सांगितले. तिथे विज्ञानाने आपले काम आटोपले. पुढचे पूरक गोळ्या विकणाऱ्या बरणीवाल्यांनी हाती घेतले. हा जिवाणू आपल्या अंगातले मॅग्नेशियम खाऊन फस्त करतो, असे कोणीतरी आपल्याला सांगेलच. जिवाणूशास्त्रज्ञांच्या लेखी त्याचे वैशिष्ट्य असे की तो लोहावाचून भागवतो आणि त्याऐवजी मँगनीज वापरतो. पण मँगनीज आणि मॅग्नेशियम यांत फरक तो काय, दोन-तीन अक्षरांचा. रक्ततपासणीत मॅग्नेशियम योग्य प्रमाणात आले, तरी खचून जाऊ नये. शरीरातल्या मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तात असतो, ही गोष्ट अगदी खरी आहे, आणि खऱ्या गोष्टीचा आधार मिळाला की उरलेल्या ९९ टक्क्यांबद्दल वाटेल ते बोलायला आपण मोकळे होतो.

आता मॅग्नेशियमच्या निरनिराळ्या संयुगांतून प्रत्यक्ष निवड. हे काम आपल्या लोकांना अवघड जाऊ नये, कारण त्याची रीत स्थळे पाहण्याचीच आहे. ऑक्साइड हे भरघोस पगाराचे स्थळ: वजनाच्या ६० टक्के निव्वळ मॅग्नेशियम, किंमत किरकोळ, मात्र त्यातले अंगी फारच थोडे लागते, म्हणजे मिळकत मोठी आणि घरात दमडी येत नाही. ग्लायसिनेट शांत, पोटाला न दुखवणारे आणि महाग. त्याच्या बरणीवर ‘बफर्ड’ असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ विचारू नये, कारण पाठीमागच्या बारीक अक्षरांत तेच ऑक्साइड धाकट्या दिरासारखे सोबत नांदायला आलेले असते. थ्रिओनेट हे सर्वांत उच्चशिक्षित स्थळ असून थेट मेंदूत पोहोचण्याची त्याची ख्याती आहे, आणि डोक्यात धुके दाटल्याची तक्रार करणाऱ्या आमच्यासारख्याने तेच पसंत करावे, हे ओघानेच आले. आम्ही ९० कॅप्सूलची बरणी आणली. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत २००० मिलिग्रॅम असे छापले होते. चश्मा कपाळावर सरकवून, बरणी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून मागचा तक्ता वाचला, तेव्हा कळले की हा आकडा तीन कॅप्सूलचा आहे आणि त्यातले मॅग्नेशियम १४४ मिलिग्रॅम आहे. तक्त्याखाली, मुंगीला वाचता येतील अशा अक्षरांत, या वस्तूचा हेतू कोणताही रोग बरा करण्याचा नाही, असा खुलासा होता. अमेरिकेतल्या १९९४ च्या पूरक आहाराविषयीच्या कायद्यामुळे असा माल गुणकारी असल्याचे सिद्ध करून सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही, एवढा खुलासा केला की पुरते. तेव्हा आपणही तो वाचून रंगाचा बेरंग करू नये.

साताऱ्याच्या आत्याला फोनवर हे सगळे सांगितले, तर ती म्हणाली, “अरे, मग बाजरीची भाकरी खा की, त्यात असतं ते.” बाजरीत, नाचणीत, भोपळ्याच्या बियांत, पालकात मॅग्नेशियम भरपूर असते, हे नाकारण्यात अर्थ नाही, पण भाकरीला मागे तक्ता नसतो आणि पुढे ठळक आकडा नसतो, आणि आजारी माणसाला ज्याची खरी भूक असते ते तिने भागत नाही.

सायट्रेटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कोलोनोस्कोपीच्या आधी आतडे धुऊन काढण्यासाठी जे दिले जाते ते हेच. ते जास्त घेऊन दिवसातून पाच वेळा धावावे लागले, तर औषध जास्त झाले असा कोता विचार करू नये. लाइमच्या जुन्याजाणत्या रुग्णांकडे यासाठी ‘हर्क्स’ असा एक सोयीचा शब्द आहे. प्रतिजैविक सुरू केल्यावर पहिल्या दिवसभरात, जिवाणू मरू लागले की थंडीताप भरतो, त्या प्रतिक्रियेचे ते लाडके नाव. पण आता पोट बिघडणे, झोप उडणे, शेजाऱ्याशी भांडण होणे, सगळे त्यात सामावते. जितका त्रास अधिक, तितके जिवाणू अधिक मेले, हा हिशेब एकदा पटला की माणूस कधीच हरत नाही.

छातीत धडधडले किंवा घेरी आली, तर मात्रा दुप्पट करावी. लाइममध्ये क्वचित हृदयाच्या ठोक्यांचे वहन अडते आणि त्यासाठी तातडीने ईसीजी काढावा लागतो, असे डॉक्टर सांगतात, पण ईसीजी ऑनलाइन मागवता येत नाही. मूत्रपिंड अधू असल्यास मॅग्नेशियम अंगात साठत जाऊन हेच हृदय मंदावू शकते; तो विषय विक्रेत्याकडे काढू नये, त्याला उगाच वाईट वाटते.

शेवटचा प्रश्न वेळेचा. डॉक्सिसायक्लिनच्या बाटलीवर औषध-दुकानदाराने एक रंगीत पट्टी चिकटवली होती: दूध, अँटासिड आणि लोहाच्या गोळ्या यांबरोबर घेऊ नये. मॅग्नेशियमचे नाव तिच्यावर नव्हते, यावरून परवानगी गृहीत धरावी. अँटासिडला मज्जाव आहे तो त्यातल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमसाठीच, आणि हे धातू पोटात डॉक्सिसायक्लिनला असे घट्ट धरून बसतात की दोघेही रक्तात न शिरता परस्पर बाहेर पडतात, म्हणून मध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवायचे असते, हे शोधत बसण्याइतका वेळ, प्रकारांची तुलना करण्यात तीन रात्री घालवलेल्या माणसाकडे कुठून असणार?

चौदा दिवसांनी चट्टा मावळला नव्हता. डॉक्टरांनी आणखी काय घेता म्हणून विचारले, आम्ही अभिमानाने थ्रिओनेटचे नाव घेतले. त्यांनी विचारले, “कधी घेता?”

“सकाळी. तिन्ही कॅप्सूल, डॉक्सिसायक्लिनबरोबरच. म्हणजे विसरायला होत नाही.”

त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि आणखी चौदा दिवसांची चिठ्ठी लिहिली. बरणीत तोवर ४८ कॅप्सूल शिल्लक होत्या, म्हणजे चौदा दिवसांना पुरून सहा उरल्या असत्या.