सरकारी कचेऱ्यांतून मतदार नोंदणी : भीती कशाची आणि कितपत खरी?

वाहतूक खाते, पंचायती, विवाह नोंदणी करणारी निबंधक कार्यालये अशा ठिकाणीही मतदार नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत, या सूचनेविरुद्ध एक मजकूर गोव्यातील व्हॉट्सॲप गटांतून बराच फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : निवडणूक यंत्रणेचे काम इतर खात्यांना देणे बेकायदेशीर आहे, तसे केल्यास वाहन परवाना काढायला आलेला कोणीही ‘भायला’ (बाहेरचा, परप्रांतीय) एका सहीनिशी गोव्याचा मतदार होईल, खऱ्या गोंयकाराला मतदानाची चाड असेल तर तो स्वतः जाऊन नाव घालील, आणि याद्या नुसत्या फुगत जातील. लिहिणाऱ्याची कळकळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. त्याची मांडणी मात्र टिकणारी नाही.

बेकायदेशीरपणाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ व्या कलमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी, मागणी आल्यास, मतदार याद्यांच्या कामासाठी कर्मचारी पुरवायचे असतात. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांतील नववा नियम तर नोंदणी अधिकाऱ्याला जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शिक्षण संस्थांची प्रवेश रजिस्टरे पाहण्याचा अधिकार देतो आणि हवी ती माहिती देणे हे रजिस्टर सांभाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवतो. घरी येणारा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरते यादीचे काम पाहणारा कर्मचारी, तरी कोण असतो? बहुधा एखादा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी.

परप्रांतीयांचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. अर्ज स्वीकारणे म्हणजे नाव घालणे नव्हे. फॉर्म ६, म्हणजे नवे नाव घालण्याचा अर्ज, कोणत्याही खिडकीवर भरला, तरी तो मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडेच जातो. आलेल्या अर्जांची यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी सात दिवस मिळतात आणि त्याच मतदारसंघातला मतदार फॉर्म ७ भरून हरकत घेऊ शकतो. अर्जात नागरिकत्वाचे प्रतिज्ञापन असते आणि ते खोटे ठरल्यास १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीच्या कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ३२ याहून कडक आहे.

मजकुरात पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचाही उल्लेख आहे. तो दाखला सरकारी नोकरीसाठी लागतो, मतदानासाठी नाही. मतदार होण्यास भारतीय नागरिकत्व, अठरा वर्षे वय आणि त्या ठिकाणचे सर्वसाधारण वास्तव्य एवढेच लागते. म्हणून झुआरीनगरात भाड्याच्या खोलीत राहून काम करणारा मजूर कायद्याने तिथला मतदार होऊ शकतो. ज्यांना हे मान्य नाही त्यांचे भांडण खिडकीशी नसून कायद्याशी आहे आणि त्यांनी ते तसे सरळ मांडावे. याउलट, कलम २० स्पष्ट सांगते की एखाद्या गावात केवळ स्वतःचे घर आहे, एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. आसगावात बंगला घेऊन वर्षातून दोन आठवडे येणाऱ्यांना हे लागू पडते, पण फिरणाऱ्या मजकुराला त्यांची आठवण झालेली दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वाहन परवाना परदेशी नागरिकालाही मिळू शकतो आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याचे नववे कलमच सांगते. तेव्हा परवाना दिला की नाव आपोआप यादीत, अशी रचना गोव्यात घातक ठरेल. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने वाहन परवान्याच्या कचेऱ्यांत मतदार नोंदणीची सोय सक्तीची केली. पुढे काही राज्यांनी ती आपोआप होणारी केली, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कचेरीच्या चुकीने सुमारे दीड हजार अपात्र लोकांची नोंदणी झाली, त्यांत काही बिगरनागरिकही होते. यावरून अर्ज देण्याघेण्याची सोयच नको असे ठरत नाही; निर्णय नोंदणी अधिकाऱ्याच्या हातून सुटू नये, एवढे ठरते.

‘चाड असेल तर जाईल’ हे वाक्य बहुधा ज्याला कधी पत्ता बदलावा लागला नाही, त्याने लिहिले असावे. माझी मावसबहीण सत्तरी तालुक्यातून लग्न होऊन सासष्टी तालुक्यात गेली. गोव्यात विवाह नोंदणीसाठी निबंधकासमोर दोनदा सही करावी लागते. तिने पहिली सही केली, दुसरी सही केली. लग्न सरकारदरबारी पक्के झाले, पण तिचे नाव मात्र दोन निवडणुका माहेरच्याच यादीत राहिले. दुसऱ्या सहीच्या वेळी कोणी पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ पुढे केला असता, तर पाच मिनिटांचे काम होते. २०२२ पासून अठरा वर्षे मोजण्यासाठी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख अशा चार तारखा धरल्या जातात, पण उच्च माध्यमिकच्या मुलांना हे सांगणार कोण?

याद्या फुगण्याचे म्हणाल तर त्या आजही फुगतात, आणि त्या गेलेल्यांच्या नावांनी. काणकोणचा रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) वारला, तर मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गावच्या बीएलओला कळेलच असे नाही. मृत्यू नोंदणीची माहिती महानिबंधकांकडून थेट मिळवण्याचे निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केले, ते याच कारणाने. दुसरा प्रकार खास आपला. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेल्या माणसाचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने संपते आणि त्याबरोबर मताचा हक्कही जातो. त्याने भारतीय पासपोर्ट परत केल्याचे पासपोर्ट कार्यालयाला कळते, गावातली यादी मात्र ते नाव धरून बसू शकते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला. एवढ्या फरकाच्या राज्यात अर्जाच्या खिडक्या किती, यावर वाद घालण्याआधी पासपोर्ट कार्यालय आणि मृत्यू नोंदवह्या यांच्याकडून दर महिन्याला यादी मागवा, अशी मागणी त्या मजकुरात असायला हवी होती.