एम-थ्रीचं सुतक

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री नावाचा विषय असतो. विद्यापीठाच्या कागदावर तो 'अभियांत्रिकी गणित ३', पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. लाप्लास, फूरिए, झेड ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस, असा सगळा ऐवज एकाच पेपरात कोंबलेला. सीनियर मंडळी नोकरीला लागतात, लग्नं करतात, तरी एम-थ्री कितव्या अटेम्प्टला निघाला हे विसरत नाहीत. विषय अवघड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो बिचारा गप्प पुस्तकात पडून असतो, आपण उघडलं तरच त्रास देतो. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्या माणसांचं तसं नसतं.

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की बार्शीला आमच्या घरी सुतक लागतं. मी पुण्यात, नारायण पेठेत कॉट बेसिसवर. घर दोनशे किलोमीटर लांब. तरी तिथला टीव्ही बंद. शेजारच्या काकूंनी नातवाच्या बारशाला बोलावलं तर आई म्हणाली, "याचा एम-थ्री होऊन जाऊ दे, मग कुठं येणं-जाणं." फोनवर ती इतकं हळू बोलते की मला रेंज तपासावी लागते.

"झोपलास का नीट? टेन्शन घेऊ नको हं. आम्ही कुठं घेतोय? काल भगवंताला अभिषेक घातला आणि सोळा सोमवार धरलेत, बाकी काही नाही."

म्हणजे विष्णू आणि शंकर दोघांनाही माझ्या लाप्लासवर बसवून झालेलं असतं. मग स्वारगेटला जाऊन बार्शी गाडीच्या ड्रायव्हरकाकांकडून पिशवी आणायची. पिशवीत बदाम, शंखपुष्पीची बाटली, शेंगाची चटणी आणि वहीच्या कागदात गुंडाळलेलं भगवंताच्या देवळातलं तुळशीचं पान. पान पुस्तकात ठेवायचं, आणि तेही जिथं अवघड आहे तिथं, अशी सूचना. मी ते व्हेक्टर कॅल्क्युलसच्या युनिटमध्ये ठेवलं. पेपरापर्यंत ते जागचं हललं नाही, यावरून काय ते समजा. पिशवी हातात देताना ड्रायव्हरकाका म्हणाले, "एम-थ्री ना? टेन्शन घेऊ नका." कंडक्टरनंही मान डोलावली. वाटेतल्या टेंभुर्णी-इंदापूरच्या पॅसेंजरांना कळलं होतं की नाही, ते विचारायचं धाडस झालं नाही.

वडिलांचा धीर देण्याचा प्रकार आणखी जालीम. ते फार बोलत नाहीत. एकच वाक्य: "नापास झालास तरी काळजी नको, आपलं भुसारचं दुकान आहेच." त्या दुकानात मी दोन उन्हाळे तूरडाळीची पोती मोजलीत. ते दुकान आहे म्हणूनच मी अभ्यासाला बसलोय, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

तर असा सगळीकडून धीर मिळाला की अभ्यास सुरू करायचा, म्हणजे टाइमटेबल करायचं. ते मी फार मन लावून करतो. आडवी चौकट, लाल स्केचपेननं युनिटं, हिरव्यानं जेवण, निळ्यानं 'रिव्हिजन'. सकाळी ५ ते ७ लाप्लास. सकाळी ५ ही वेळ मी आजवर फक्त दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पाहिलेली, पण कागदावर शोभते. साडेनऊला जाग आली की जुनं टाइमटेबल बाद होतं आणि नवं आखायला घ्यावं लागतं. तेवढ्यात बादलीभर कपडे भिजवावेसे वाटतात. फॅनची पाती पुसावीशी वाटतात. आमच्या खोलीची घरमालकीणबाईंनी आजवर एकदाच तारीफ केली, ती एम-थ्रीच्या आदल्या आठवड्यात.

पीएलमध्ये माणूस सिलॅबस सोडून सगळं वाचतो. लाप्लासची गणितं सोडवायची सोडून मी लाप्लासबद्दल वाचत बसलो. पियरे-सिमाँ लाप्लास हा नुसता गणिती नव्हता, चक्क परीक्षक होता. १७८५ मध्ये फ्रेंच तोफखान्याच्या परीक्षेत त्यानं सोळा वर्षांच्या एका पोराला तपासलं. त्या पोराचा ५८ जणांत ४२ वा नंबर आला. पोराचं नाव नेपोलियन बोनापार्ट. पुढे १७९९ मध्ये नेपोलियनच्या हाती सत्ता आली, त्यानं लाप्लासला मंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढूनही टाकलं. लाप्लासला कारभार जमला नाही, असं इतिहासवाले म्हणतात. माझं मत वेगळं आहे. एक्स्टर्नल परीक्षकानं कमी मार्क दिले की ते पोरगं कधी ना कधी वचपा काढणारच.

व्हेक्टर कॅल्क्युलसमधल्या स्टोक्सची भानगड तर याहून भारी. स्टोक्सचं प्रमेय पुस्तकात छापून आलं नव्हतं तेव्हा ते पेपरात आलं. १८५४ साली केंब्रिजला स्मिथ्स प्राइझ या गणिताच्या बक्षिसाच्या परीक्षेत स्टोक्सनं ते प्रश्न म्हणून घालून दिलं. आणि प्रमेय मुळात केल्विन या शास्त्रज्ञाचं, त्यानं १८५० मध्ये स्टोक्सला पत्रातून कळवलेलं. उत्तर एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, याला आमच्याकडे असाइनमेंट म्हणतात. त्या परीक्षेला बसलेल्या पोरांत पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता आणि तो विभागून पहिला आला. तोही बाहेर येऊन "माझं काहीच झालं नव्हतं रे" म्हणाला असेल. प्रत्येक बॅचला असा एक असतोच.

माझ्या रूममेटची बहीण सायकॉलॉजी शिकते. तिनं आम्हाला फोनवरून शास्त्र सांगितलं. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केला. दोन वाटा, एक पांढरी, एक काळी. काळीत शिरला की विजेचा झटका. झटका अगदीच हलका असेल तर उंदीर शिकायला वेळ लावतात. सोप्या कामात झटका वाढवला तर लवकर शिकतात, पण काम अवघड असेल तर जोराच्या झटक्यानं गडबडतात. "म्हणजे थोडं टेन्शन चांगलं असतं, पण विषय जेवढा अवघड तेवढं ते कमी पाहिजे," ताई म्हणाली. हे एम-थ्रीला कसं लावायचं, यावर आम्ही चहाच्या टपरीवर बराच काळ घालवला. उंदरांचं एक बरं होतं. चुकलं की जागच्या जागी कळायचं. आम्हाला झटका दीड-दोन महिन्यांनी बसतो, आणि तोही वेबसाइट उघडली तर.

ताईनं उपायही सांगितला. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवलंय म्हणे, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या पोरांना मार्क चांगले पडतात. रूममेट लगेच लिहायला बसला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, हा लिहितोच आहे. सप्लिमेंट लागेल असं वाटायला लागलं. त्या सबंध सेममध्ये त्यानं एवढं सलग लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

खोलीत हे असं, म्हणून मी पेठेतल्या एका अभ्यासिकेत जायला लागलो. तिथं सगळे स्पर्धा परीक्षावाले. प्रत्येकाच्या खणात गाद्या घातलेली खुर्ची, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा, पाण्याची दोन लिटरची बाटली आणि 'यंदा पोस्ट' अशी चिठ्ठी. माझ्या शेजारचा दादा धाराशिवकडचा, कानशिलावर केस पिकायला लागलेले. माझे पाय सारखे हलताहेत हे त्यानं पाहिलं.

"कशाचा पेपर आहे भावा?"

"एम-थ्री, दादा. इंजिनिअरिंगचं गणित."

"जागा किती?"

"जागा नसतात. नुसतं पास व्हायचं."

"मेरिट?"

"नाही. चाळीस टक्के."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "जेवढे लिहितील तेवढे सगळे पास होऊ शकतात?"

"हो."

"आणि नाही झालास तर पुढच्या सेमला परत?"

"हो."

"वयाची अट?"

त्यानं टेन्शन घेऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. उगाच बुडाखालची एक गादी काढून माझ्या खुर्चीत घातली आणि परत पंचायत राज वाचायला लागला. त्या रात्री माझे झेड ट्रान्सफॉर्मचे दोन प्रकार झाले.

पेपराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्टोक्स आला होता. मी त्याला सोडून ग्रीनच्या प्रमेयाकडे गेलो, ग्रीननं अर्ध्यात सोडलं. सुपरवायझर मॅडम माझ्या बाकापाशी थांबून म्हणाल्या, "पाणी पी, टेन्शन घेऊ नकोस." बाहेर पोरं प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीनं लिहिलेली उत्तरं जुळवत उभी होती. चौघांची चार उत्तरं आली तेव्हा मी तिथून सटकलो. आईला 'बरा गेला' असं कळवलं. 'बरा' म्हणजे किती, यावर घरी सभा भरली असणार.

संध्याकाळी पुस्तकं आणायला अभ्यासिकेत गेलो. दादा होताच.

"सुटेल का?"

"काठावर आहे."

"निकाल कधी?"

"दीड-दोन महिने तरी लागतील," मी तोंड पाडून म्हणालो.

"आयला," तो म्हणाला, "एवढ्या लवकर?"