भितिहरव्यात निळी शेतं शोधू नका

बिहारच्या चंपारणची एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. तिचा मतलब असा: भितिहरवा या खेड्यात जा, निळीची निळीशार शेतं पाहा. इंग्रजांनी तिथे सगळ्या जमिनीत नीळ लावायला लावली, तिने माती मेली, मग गांधीजींनी नीळ बंद केली. त्यांची मूळ झोपडी अजून उभी आहे.

पहिलं म्हणजे, नीळ शेतात हिरवीच असते, फुलं गुलाबीसर. पानातलं द्रव्य बिनरंगी असतं. कापलेल्या पेंढ्या हौदात दहा-बारा तास बुडवून ठेवायच्या, पिवळट-हिरवं पाणी खालच्या हौदात सोडायचं आणि दोन-तीन तास बडवायचं. हवा लागली की निळा गाळ तळाला बसतो. तो उकळून, गाळून, दाबून वड्या पाडतात. भिजवण लांबली तर पाला कुजून प्रत उतरते. बडवणं कमी पडलं तर रंग पाण्याबरोबर वाहून जातो. हा सगळा उद्योग कोठीवरचा, म्हणजे इंग्रज मळेवाल्यांच्या निळीच्या कारखान्यातला. आज त्या भागात दिसतो तो ऊस आणि भात.

‘सगळ्या जमिनीत’ हेही खोटं. सक्ती होती ती बिघ्याच्या 20 कठ्ठ्यांपैकी 3 कठ्ठ्यांत नीळ लावायची, म्हणून तर नाव तीनकठिया. जाच वेगळाच होता: चांगला तुकडा कोठीवाले निवडणार, भाव बिघ्यामागे आधीच बांधलेला, आणि कुळाच्या स्वतःच्या पिकाची घाई असेल तेव्हाच निळीचं काम. मातीला दोष देऊ नका. नीळ शेंगवर्गातली, मुळांच्या गाठींत नत्र धरणारी.

आणि निळीचा धंदा बुडवला तो जर्मन रसायनाने. 1897 पासून कृत्रिम रंग बाजारात आला, भाव कोसळले. मग मळेवाल्यांनी ‘नीळ माफ’ म्हणत कुळांकडून वाढीव सारा (शरहबेशी) किंवा एकरकमी तावान (भरपाई) उकळलं. 1914 च्या युद्धात जर्मन माल थांबताच नीळ पुन्हा वर आली. गांधीजींचा 1917 चा लढा या सगळ्या वसुलीविरुद्धही होता. तावानातले 25 टक्के परत मिळाले, शरहबेशी 20 ते 26 टक्क्यांनी उतरली आणि 1918 च्या कायद्याने तीनकठिया संपली.

राहिली झोपडी. भितिहरव्यातली मूळ झोपडी म्हणजे नोव्हेंबर 1917 मध्ये उभारलेली बांबू-गवताची शाळा; ती एका रात्री कुणीतरी जाळली. ती शाळा कस्तुरबा आणि गांधीजींचे सहकारी, बेळगावचे सोमण चालवत. सोमणांनी गावकऱ्यांना हाताशी धरून विटांची पक्की इमारत उठवली.

भितिहरव्याला नरकटियागंजहून जातात. पण मराठी माणसाने वाकडी वाट करावी ती पूर्व चंपारणातल्या बडहरवा लखनसेनसाठी. 13 नोव्हेंबर 1917 ला उघडलेली गांधीजींची चंपारणातली पहिली शाळा तिथली, चालवली मुंबईच्या बबन गोखले आणि त्यांच्या पत्नी अवंतिकाबाईंनी. पुढच्याच वर्षी अवंतिकाबाईंनी मराठीत गांधीचरित्र लिहिलं, प्रस्तावना टिळकांची.